मंगळवारची बाटली

प्रिय माय,

उद्या सकाळी मला एक ईमेल पाठवायचा आहे. तो लिहून तयार आहे, इंग्रजीत, सहा-सात ओळींचा. त्यातल्या एका ओळीत तू आहेस. तुला न विचारता तुझ्याबद्दल कुठे काही लिहून पाठवणं मला बरं वाटेना, म्हणून आधी हे पत्र. तुला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. आता तू आहेस तिथे तेवढी सोय झाली असेल असं मी धरून चालते. नसेलच झाली तर कुणाकडून तरी वाचून घे. गावात आलेली प्रत्येक लग्नपत्रिका तुला पाठ असायची, ती कुठे तू स्वतः वाचलेली असायचीस?

रविवारची दुपार आहे. प्रयोगशाळेत माझ्याशिवाय कुणी नाही. खिडकीच्या कट्ट्यावर काचेची एक पसरट वाटी ठेवली आहे आणि मी दर दहा मिनिटांनी उठून तिच्यात डोकावते आहे. वाटीत काय आहे ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर बाकीचं तू ऐकणार नाहीस.

आणि एक. तुझ्याशी बोलताना मी मले-तुले म्हणायचे, लिहायला बसले की मला-तुला होतं. पुण्यात बारा वर्षं काढून हाताला तसं वळण लागलं आहे. मुद्दाम करते आहे असं समजू नकोस.

तू नेहमी विचारायचीस, "काव पोट्टे, तू तिथी दिवसभर करतं तरी का?" मी दर वेळी काहीतरी थातुरमातुर सांगून विषय बदलायचे. आज नीट सांगते. सकाळी आठला खोलीतून निघते. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, काळ्या, ओळीने बसलेल्या म्हशींसारख्या. बस मिळाली तर पाऊण तास. आल्या आल्या वहीत नाव लिहून सूक्ष्मदर्शकाची वेळ राखून ठेवायची, कारण सूक्ष्मदर्शक दोन आणि आम्ही अकरा जण. मग पाण्याचा थेंब काचेवर ठेवायचा आणि मोजायचं. हिरवे ठिपके किती, पाय असलेले जीव किती, शेपूट असलेले किती. दुपारी डबा, मग आमच्या गटप्रमुख मॅडमसमोर बसून आठवड्याचा हिशोब द्यायचा, मग पुन्हा मोजायचं. संध्याकाळपर्यंत मान अवघडते. दिवसभर धानात वाकून निंदण करणाऱ्या बाईला बसून बसून मान अवघडते हे सांगायची मला लाज वाटायची.

तू मात्र गावभर सांगून ठेवलं होतंस, "माई पोट्टी पान्याची डॉक्टर हाये." एका दिवाळीत शेजारची पारबताबाई गुडघ्याला लावायला औषधाचं पाणी मागायला आली होती, आठवतं? मी हसले आणि तू माझ्यावर चिडलीस. "हसतं काऊन? येत नसन तं येत नाई म्हनून सांग." एवढं सरळ मला आजवर कुठल्या परीक्षकानेही सुनावलेलं नाही.

आणि हो, माझी नोकरी पक्की झाली असं मी तुला सांगितलं होतं. ती झाली नव्हती. अजूनही नाही. दर वर्षी नवा कागद येतो, तो येईपर्यंत मी जीव मुठीत धरून असते. तुला सांगून काय उपयोग, असं वाटायचं. तू उगाच मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोलली असतीस.

पण मी पाण्याची डॉक्टर झाले ती कुणामुळे? पाच-सहा वर्षांची असेन. तू तलावाच्या घाटावर कपडे धूत होतीस आणि मी दगडावर पालथी पडून पाण्यात बघत होते. तू एका हाताने धोपटत होतीस आणि दुसऱ्या हाताने माझा फ्रॉक धरून ठेवला होतास, मी आत पडू नये म्हणून. पाण्यात उन्हाची तिरीप शिरली होती आणि तिच्यात ठिपके उडत होते. एकेक ठिपका टुणकन वर यायचा, तरंगत खाली जायचा, पुन्हा टुणकन वर. किती वेळ बघत होते कोण जाणे. मी विचारलं, हे काय आहे? तू न बघताच म्हणालीस, "जीव हायेत ते."

त्या ठिपक्यांची नावं मला पुढे कळली, लॅटिनमधली, लांबलचक. पण अजूनही सूक्ष्मदर्शकात एखादा दिसला की पाठीमागून कुणीतरी फ्रॉक धरला आहे असं मला वाटतं.

म्हणून तर जेव्हा तलावांच्या अभ्यासाचं काम निघालं, तेव्हा मी हट्टाने आपलाच तलाव मागून घेतला. आपला एक आणि पलीकडच्या गावचा एक. आपल्या तलावाला चारही बाजूंनी धान, आणि धानात तणनाशकाची फवारणी. पलीकडचा तलाव जंगलाच्या कडेला, तिथे फवारणी नाही. दोन वर्षं दोन्हीकडचं पाणी दर आठवड्याला तपासायचं आणि फरक बघायचा, असा सगळा बेत. पलीकडचं पाणी तिथल्या शाळेचे शिपाई भरणार होते. आपलं कोण भरणार, असं मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, माझी आई.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "जमेल त्यांना? नीट भरतील?"

"माझी आई आहे," मी म्हटलं. जसं काही त्यात सगळं आलं.

तुला मी ओसरीवर बसवून शिकवलं होतं. बाटलीत आधीच तपकिरी औषधाचे थेंब आहेत, ते सांडायचे नाहीत. रेघेपर्यंत पाणी भरायचं. झाकण घट्ट लावायचं. सावलीत ठेवायची. आणि शेवटी मी काय म्हटलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं होतं, "आणि माय, पान्यात काडी-कचरा, घान काई येऊ देजो नको."

तू मान हलवलीस. मंगळवार तू ठरवलास, कारण मंगळवारी तुझा उपास असायचा आणि अंघोळ लवकर व्हायची. आणि मग दोन वर्षांत एकही मंगळवार चुकला नाही. पलीकडच्या बांधावर वाघाचे पाय उमटले होते त्या आठवड्यातही नाही, त्या दिवशी तू पारबताबाईला सोबत घेऊन, मोठमोठ्याने बोलत घाटावर गेली होतीस. महिन्याच्या चार बाटल्या खोक्यात घालून बाबा नागभीडला कुरिअरला द्यायचे. खोकं उघडलं की प्रत्येक बाटलीच्या झाकणावर कुंकवाचा एक ठिपका असायचा. मी तो पुसून टाकायचे, कारण प्रयोगशाळेत असलं काही चालत नाही. एकाही झाकणाचा फोटो मी काढून ठेवला नाही.

आकडे पहिल्या महिन्यापासूनच वेगळे येत होते. पलीकडच्या पाण्यात ठिपक्यांसारखे उडणारे जीव भरपूर. आपल्या पाण्यात हिरवी शेवाळासारखी बारीक वनस्पती होती, पण ती खाणारे जीव नव्हते. जवळजवळ नव्हतेच. मी मोजत गेले आणि आपला तलाव माझ्या डोळ्यांसमोर रिकामा होत गेला. मला वाईट वाटलं, माय. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. एवढा स्वच्छ फरक आमच्या कामात सहसा मिळत नाही. मॅडमनी अख्ख्या गटाला समोसे खाऊ घातले.

मी तुला फोन केला. म्हटलं, माय, आपला तलाव मरून राह्यला.

तू म्हणालीस, "मेला नाई व. मी पायतो ना रोज."

आणि मी काय केलं? मी तुला समजावून सांगितलं. डोळ्यांना दिसतं ते सगळं खरं नसतं, सूक्ष्मदर्शकाखाली वेगळं दिसतं, आकडे खोटं बोलत नाहीत. वीस मिनिटं बोलले असेन. तू ऐकून घेतलंस. साठ वर्षं त्या पाण्यात पाय घालून उभ्या राहिलेल्या बाईला मी पुण्यातून तिचा तलाव समजावून सांगत होते, आणि त्या बाईने शेवटी विचारलं, "जेवली का?"

त्यानंतरचं मला फार सलतं. तू बाबांना सांगितलंस, पोट्टी म्हणते औषधानं तलाव मरते, यंदा फवारायचं नाही. बाबांनी ऐकलं. तण तर उगवायचं थांबत नाही. मग त्या पावसाळ्यात आपल्या तीन एकरांचं निंदण कुणी केलं? मजूर मिळेनात तेव्हा तूच वाकलीस. तुला दम लागत होता. पारबताबाईला माहीत होतं, बाबांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मला फोनवर रोज तेच, "मी बरी हावो. तू जेवली का?"

महाशिवरात्रीची मार्कंड्याची यात्रा भरायच्या आठ दिवस आधी तू गेलीस. झोपेत, कुणालाही न उठवता. मी पोचले तेव्हा अंगणात बायका बसल्या होत्या, आणि ओसरीत कोपऱ्यात सावलीला त्या मंगळवारची बाटली होती, झाकणावर कुंकू लावलेली. अस्थी आम्ही मार्कंड्याला वैनगंगेत सोडल्या. तेरवी झाली. मी परत आले. इथे माझ्या टेबलावर एक कागद वाट बघत होता: आपल्या तलावावरचा माझा लेख एका मोठ्या नियतकालिकाने स्वीकारला होता. सगळे अभिनंदन करायला आले. मी थँक यू म्हणत होते आणि मला वाटत होतं, हे आता कुणाला सांगू?

महिन्याभराने नागभीडहून एक खोकं आलं. मी कुणाला पाणी भरायला सांगितलं नव्हतं. आमचं पाणी गोळा करायचं काम डिसेंबरातच संपलं होतं, तू आपली सवयीने भरत होतीस. खोक्यात तीन बाटल्या होत्या. झाकणांवर कुंकू नव्हतं.

बाबांनी भरल्या होत्या. तू गेल्यावर मंगळवार आला तेव्हा त्यांना काय करावं सुचलं नसेल.

त्या बाटल्या तपासायची काहीच गरज नव्हती. पण बाबांनी त्या भरल्या होत्या, तशाच कशा ठेवून द्यायच्या? मी थेंब काचेवर घेतला, डोळा लावला, आणि लगेच मान वर केली. वाटलं चुकून पलीकडच्या तलावाची बाटली आली. दुसरी बघितली, तिसरी बघितली. काचेवर जीवच जीव होते. औषधाने मेलेले, तपकिरी, पण दाटीवाटीने. पाय असलेले, शेपूट असलेले, पोटात अंडी असलेले.

माय, खरं सांगते, पहिला विचार काय आला माहीत आहे? तू गेलीस आणि तलावात जीव आला. असा वेडा विचार मला आला, मला, आकड्यांवर पोट भरणाऱ्या बाईला. मी बराच वेळ ते खरं मानून बसून राहिले. मला ते इतकं सुंदर वाटत होतं की पुढचा विचार करावासाच वाटत नव्हता.

मग मी बाबांना फोन लावला. विचारलं, पाणी कसं भरलं? ते आधी घाबरले. "काऊन, मायं काई चुकलं का व? तुई माय भरे तिथूनच भरलं. घाटाच्या तिसऱ्या पायरीवून."

"तसंच भरलं? मायसारखंच?"

"हव. फक्त गाळलं नाई. ते मले जमत नाई बाप्पा. गडव्यानं घेतलं, बाटलीत वतलं, झाकन लावलं."

फोन ठेवून मी तिकीट काढलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी पकडली. नागपूर, तिथून एसटी. मोहाची फुलं पडायला लागली होती, गावात शिरल्याबरोबर तो गोडसर वास आला आणि तू दारात नव्हतीस. मी सामान ठेवून सरळ पारबताबाईकडे गेले. ती तिच्या अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मी विचारलं तशी ती हसली. म्हणाली, "तुले नाई सांगितलं का तिनं? तुई माय जुन्या लुगड्याचं फडकं चार पदरी करे, बाटलीच्या तोंडावर ठेवे, अन् गडव्यानं वरून धार धरे. एकडाव नाई, दोनदा. मी म्हनो, 'काऊन व इतकी मेहनत, तपासाचंच तं पानी हाये.' तं म्हने, 'कोनालेई पानी देवाचं तं गाळूनच देवाचं. अन् हे तं पोट्टीले देवाचं हाये.'"

ती फुलं पसरत राहिली. मग म्हणाली, "अन् गाळून झालं का तेच फडकं उलटं करे, पान्यात खाली बुडवून झटके. मी म्हनो, आता हे का? तं म्हने, 'जीव हायेत त्यात. त्यायचं घर तिथीच हाये.'"

ऐकतेस ना, माय? दोन वर्षं मी इथे बसून लिहीत होते की या पाण्यात जीव नाहीत. आणि तू दर मंगळवारी ते जीव फडक्यातून सोडवून परत तलावात सोडत होतीस.

मला तुझा राग आला. तुझा येणारच, दुसरा कुणाचा येणार? सांगितलं का नाहीस एकदाही? दोन वर्षांत शेकडो वेळा फोनवर बोललो आपण. पण तुला त्यात सांगण्यासारखं काय वाटणार होतं? पाणी भरलं म्हणजे गाळून भरलं. भात केला म्हणजे तांदूळ धुऊन केला, हे कुणी वेगळं सांगतं का? आणि मी तुझ्याच घरात वाढले, पाण्याच्या गुंडावर बांधलेलं फडकं रोज बघत. मला ते सुचायला हवं होतं. मीच सांगितलं होतं, घाण येऊ देऊ नको. तू घाण येऊ दिली नाहीस. बारीक ते खाली जातं आणि मोठं ते कापडावर राहतं, हे आकडे ओरडून सांगत होते, मी त्याला तणनाशक म्हणत राहिले. तणनाशक चांगलं असतं असं मी आजही म्हणणार नाही. पण ते माझ्या बाटल्यांवरून कळत नाही, हे आता म्हणावं लागेल.

तू फोनवरही तेच करायचीस. दम लागतो, रात्री उठून बसावं लागतं, निंदताना डोळ्यांसमोर अंधारी येते, हे सगळं कापडावर राहायचं आणि माझ्यापर्यंत फक्त "मी बरी हावो" यायचं. आणि मी तरी काय वेगळं करत होते? माझी पक्की नोकरी, माझं मजेत चाललेलं. आपण दोघी एकमेकींना चार पदरी गाळून पाणी देत राहिलो. मला तुझं गढूळ पाणी हवं होतं, माय. एक घोट तरी.

फडकं मला ओसरीतल्या खुंटीवर सापडलं. निळ्या लुगड्याचं, पांढऱ्या ठिपक्यांचं, धुऊन, वाळवून, चार पदरी घडी घातलेलं. बाबा म्हणाले, "ने. मी का करू त्याचं." मी ते पिशवीत घालून पुण्याला आणलं.

इथे आल्यावर मॅडमना सगळं सांगितलं. त्या वाईट नाहीत, तू त्यांच्याबद्दल मनात काही आणू नकोस. त्या खूप वेळ पेन फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "लेखात डिसेंबरपर्यंतच्या बाटल्या आहेत. बाबांच्या तीन बाटल्या त्यानंतरच्या. लेखात त्या कुठेच येत नाहीत." मग त्या म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी तुझी मुलाखत आहे. या खेपेला पक्की जागा आहे, आणि तुझ्या अर्जात हा लेख सगळ्यात वर आहे. मी फक्त आठवण करून देते." उठताना म्हणाल्या, "लेखावर पहिलं नाव तुझं आहे. तू ठरव."

चार दिवस मी ठरवत होते. मोह झाला नाही असं म्हणू शकत नाही. तीन बाटल्या. मोरीत ओतल्या असत्या तर संपलं असतं. पारबताबाई काही इंग्रजी नियतकालिक वाचणार नाही. आणि जागा मिळाली असती तर मी खरंच सगळ्यांना सांगू शकले असते की पक्की झाली.

पण मग आपल्या तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांच्या संस्थेचं काय? आपल्या तलावात जीव नाहीत असं छापून आलं की कधीतरी ते वर्तमानपत्रात येतं. त्या तलावातला मासा मग बाजारात कुणी घ्यायचा? आणि तुझं काय? तू मला म्हणाली होतीस की तलाव मेला नाही. ते खोटं ठरवून मी छापणार होते, आणि तू उत्तर द्यायला नाहीस.

चौथ्या दिवशी दुपारी इथेच टेबलावर डोकं ठेवून मला डुलकी लागली. स्वप्नात प्रयोगशाळेत तलावाचं पाणी शिरलं. हळूहळू, आवाज न करता, टेबलांच्या पायांपर्यंत, मग खुर्च्यांपर्यंत. दोन्ही सूक्ष्मदर्शकांच्या मधून कमळं वर आली. मॅडमची खुर्ची त्यांच्यासकट तरंगत खिडकीपाशी गेली आणि त्या काही झालंच नाही अशा कागद वाचत राहिल्या. खिडकीबाहेर रस्ताही पाण्याखाली होता, बस पोहत चालली होती, आणि तिच्या काचांमधून ठिपके टुणटुण उडत होते. दारातून तू आलीस. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात गडवा, खांद्यावर फडकं. इकडे तिकडे बघून म्हणालीस, "इथी तं लयच पसारा हाये व." आणि कपाटातल्या माझ्या बाटल्या एकेक करून उघडायला लागलीस. मी ओरडून सांगत होते, त्यांना हात लावू नको. तुला ऐकू येत नव्हतं. मागून कुणीतरी माझा फ्रॉक धरला होता.

जाग आली तेव्हा गाल ओला होता. मी उठले, फडकं पिशवीतून काढलं, वाटीत ठेवलं आणि वर पाणी ओतलं. नळाचं पाणी, पण दोन दिवस उघडं ठेवलेलं, नळात टाकतात त्या औषधाचा वास गेलेलं. वाटी खिडकीत उजेडाला ठेवली. का? मला तुला नीट कारण सांगता येईल. त्या जिवांची काही अंडी कडक कवचाची असतात. तलाव आटला तरी ती मातीत पडून राहतात, महिनोन् महिने, कोरडी, आणि पाणी आलं की उघडतात. एखादं अंडं तुझ्या फडक्याच्या विणीत अडकून राहिलं असेल का? तू कितीही झटकलंस तरी? हे झालं शास्त्र. पण मी वाटी भरली तेव्हा शास्त्राचा विचार करत नव्हते. तुझा हात लागलेली एक वस्तू ओली करून बघायची होती, एवढंच.

वाटी ठेवल्याला आज सहावा दिवस. ईमेल काल लिहिला. लेख मागे घेते आहे असं त्यात आहे, आणि कारणाची ती एक ओळ आहे. ती मराठीत अशी होईल: नमुने घेणाऱ्या बाईंनी त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे पाणी कापडातून गाळून भरले, ती रीत आधी विचारून घेणे हे माझे काम होते, ते माझ्याकडून राहिले. आधी मी त्यात "चुकून गाळले" असं लिहिलं होतं. मग "चुकून" काढून टाकलं. तू काहीच चुकून केलं नव्हतंस. चालेल ना तुला अशी ओळ? तुझं नाव घातलेलं नाही. घातलं असतं तर तू म्हणाली असतीस, मायं नाव कायले पायजे.

गुरुवारी ते विचारतील, लेख मागे का घेतला. मी तुझी गोष्ट सांगणार आहे. जागा जाईल बहुतेक. बाबांना मी काल फोनवर सांगून टाकलं, सगळं, पक्की नसलेल्या नोकरीपासून. ते म्हणाले, "मले वाटतच होतं." मग त्यांनीही सांगितलं, की त्यांना स्वयंपाकघरात जाववत नाही, पारबताबाईकडून भाकर येते ती ते अंगणातच खातात. आम्ही दोघं असं कधी बोललो नव्हतो.

आता वाटीचं सांगते. हे पत्र लिहिताना मी सातव्यांदा उठले. ऊन तिरपं झालं आहे आणि वाटीत थेट शिरतं आहे. निळ्या कापडावरचे पांढरे ठिपके पाण्यात थरथरल्यासारखे दिसत होते. मी बघत राहिले. त्यातला एक ठिपका कापडावरचा नव्हता. तो टुणकन वर आला, तरंगत खाली गेला, पुन्हा टुणकन वर.

एकच आहे. मी तीनदा मोजलं.

त्याला काचेवर घेतलेलं नाही, औषधही घातलेलं नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी एक नमुना तसाच सोडून दिला.

मुलाखत झाली की मी निघते. यापुढे बाबा आणि मी दोन बाटल्या भरणार, एक न गाळता भरलेली आणि तिच्या शेजारी एक तुझ्या फडक्यातून भरलेली, दोन्हींवर कुंकू लावून. नव्याने, पहिल्यापासून, लागतील तितकी वर्षं. फडकं उलटं करून झटकायचं मी बाबांना शिकवीन. ते कुरकुरतील, पण करतील.

माय, तलाव मेला नाई व. मी आत्ताच पाह्यला. मंगळवारी घेऊन येतो त्याले. त्याचं घर तिथीच हाये.

तुई पोट्टी,
रंजू